डोळ्याच्या बंद नळीची शस्त्रक्रिया : निकाल कसा पारखावा

एका डोळ्यातून सतत पाणी गळणे, नाकाजवळच्या कोपऱ्यात चिपडे साचणे आणि तिथे बोटाने दाबले की पू वर येणे, ही तक्रार घेऊन चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रिया नेत्ररुग्णालयात नेहमी येतात. पुरुषांनाही हा त्रास होतो. परंतु स्त्रियांच्या चेहऱ्यात अश्रुनलिका ज्या हाडातून उतरते ती वाट तुलनेने अरुंद असते आणि त्यांच्यात हे दुखणे अधिक दिसण्याचे ते एक कारण मानले जाते. उपचार म्हणून डी. सी. आर. ही, अश्रूंना नाकात नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया सुचवली जाते आणि सोबत ‘नव्वद टक्क्यांहून अधिक यश’ असे सांगितले जाते. हा आकडा खोटा नाही. मात्र तो कोणत्या जागच्या अडथळ्यासाठी आहे, यश कशाला म्हटले आहे आणि ते किती महिन्यांनी मोजले आहे, या तीन गोष्टी समजल्याशिवाय तो आपल्या घरातील रुग्णाला लागू पडतो की नाही हे ठरवता येत नाही. शस्त्रक्रियेस होकार देण्यापूर्वी काय विचारावे आणि ती झाल्यावर निकाल कसा तपासावा, याचा क्रम पुढे दिला आहे.

अडथळा कुठे आहे ते आधी विचारावे

पापण्यांच्या आतल्या टोकाला, वर आणि खाली, टाचणीच्या टोकाएवढे एकेक छिद्र असते. आरशासमोर उभे राहून खालची पापणी किंचित बाहेर ओढली तर ते दिसते. या छिद्रांपासून सुमारे दहा मिलिमीटर लांबीच्या दोन बारीक नळ्या निघतात, बहुतेकांत त्या एकत्र येतात आणि नाकाच्या मुळाशी असलेल्या अश्रुपिशवीत उघडतात. पिशवीच्या खालून मोठी नलिका हाडातून उतरून नाकात पोहोचते. रडताना नाक वाहते ते याच मार्गाने. अडथळा पिशवीच्या खाली, म्हणजे या मोठ्या नलिकेत असेल, तर डी. सी. आर.चा निकाल उत्तम लागतो. तोच पिशवीच्या अलीकडच्या बारीक नळ्यांत असेल, तर निकाल बराच कमी भरवशाचा होतो. ‘नव्वद टक्के’ हा आकडा पहिल्या प्रकारच्या रुग्णांचा असतो.

जागा कळण्यासाठी सिरिंजिंग म्हणजे नळी धुण्याची तपासणी करतात. ती नातेवाइकाने शेजारी उभे राहून पाहावी, कारण त्या दोन मिनिटांत पुढच्या निकालाचा बराचसा अंदाज येतो. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकतात, खालचे छिद्र टोकदार सळईने किंचित रुंदावतात आणि बोथट, वाकडी सुई आत सरकवून सलाइन सोडतात. रुग्णाच्या घशाला खारट चव लागली आणि त्याने आवंढा गिळला, तर नळी मोकळी आहे. खालच्या छिद्रातून सोडलेले पाणी वरच्या छिद्रातून चिकट स्राव किंवा पू घेऊन उसळले, तर पिशवीपर्यंतचा मार्ग उघडा असून अडथळा खाली आहे. वरच्या छिद्रातून स्वच्छ पाणीच परतले, तर दोन्ही नळ्या जिथे एकत्र येतात तिथे अडचण असण्याचा संभव असतो. आणि ज्या छिद्रातून सोडले त्याच छिद्रातून पाणी लगेच मागे आले, तर ती बारीक नळीच बंद आहे. यातले काय घडले ते कागदावर स्पष्ट लिहून मागावे. नुसते ‘नळी बंद’ एवढ्या शेऱ्यावर पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. आपण खर्चाची चौकशी दहा वेळा करतो, अडथळ्याच्या जागेची एकदाही करत नाही.

काही रुग्णांत पाणी घशात व्यवस्थित उतरते आणि तरीही डोळा गळत राहतो. अशा वेळी दोष नळीबाहेर असू शकतो. म्हातारपणी खालची पापणी सैल पडून छिद्र डोळ्यापासून दूर जाते, चेहऱ्याच्या लकव्यानंतर पापणीची उघडझाप मंदावते आणि अश्रू ढकलले जात नाहीत, किंवा डोळा मुळात कोरडा असतो आणि त्या कोरडेपणाच्या चुरचुरीनेच पाणी सुटते. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातील झळा, कापसाच्या जिनिंगमधली धूळ आणि नंदुरबारच्या मिरची वाळवण्याच्या पथारीवरचा ठसका या तिसऱ्या प्रकारात भर घालतात. या कारणांसाठी डी. सी. आर. केली तर शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही पाणी थांबत नाही.

यश म्हणजे काय, हे ठरवून घ्यावे

या शस्त्रक्रियेचे यश दोन प्रकारे मोजतात. पहिल्या प्रकारात नवीन वाट सिरिंजिंगमध्ये मोकळी दिसते की नाही एवढेच पाहतात. दुसऱ्या प्रकारात रुग्णाचे पाणी प्रत्यक्ष थांबले की नाही हे पाहतात. दुसऱ्या मोजमापाचा आकडा पहिल्याहून सहसा काही टक्क्यांनी कमी येतो, कारण वाट मोकळी असूनही पापणी सैल किंवा डोळा कोरडा असू शकतो. बाहेरून छेद घेऊन केलेल्या डी. सी. आर.मध्ये वाट मोकळी राहण्याचे प्रमाण बहुतेक अनुभवी शल्यविशारदांकडे नव्वद टक्क्यांच्या वर असते. नाकातून दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेचा निकाल आता जवळपास त्याच पातळीला आला आहे, मात्र तो शल्यविशारदाच्या सरावावर अधिक अवलंबून असतो. लेसरने हाड उघडण्याच्या पद्धतीचे निकाल या दोहोंपेक्षा कमी राहिले आहेत. ‘लेसर म्हणजे अधिक चांगले’ हा आपल्याकडचा समज इथे लागू करू नये. डॉक्टरांना ‘यश किती?’ असे न विचारता ‘पाणी पूर्ण थांबण्याची शक्यता किती आणि पू थांबण्याची किती?’ असे विचारावे. दोन्हींची उत्तरे वेगळी येतील, आणि पू थांबण्याचे उत्तर सहसा अधिक आशादायक असेल.

निकाल घरी पारखायचा तर आधीची स्थिती नोंदवलेली असावी लागते. नेत्रतज्ज्ञ यासाठी मंक यांची श्रेणी वापरतात आणि ती कोणालाही समजेल अशी आहे. डोळा पुसावाच लागत नसेल तर ०, दिवसातून दोनपेक्षा कमी वेळा पुसावा लागला तर १, दोन ते चार वेळा तर २, पाच ते दहा वेळा तर ३, दहाहून अधिक वेळा तर ४ आणि पाणी अखंड गळत असेल तर ५. शस्त्रक्रियेपूर्वी आठवडाभर घरातील कोणीतरी ही नोंद दिनदर्शिकेच्या चौकटीत करावी, आणि त्या दिवशी रुग्ण घरात होता, शेतात होता की दुचाकीवर मागे बसून गावाला गेला होता, हेही लिहावे. वाऱ्यात निरोगी डोळ्यालाही पाणी येते, म्हणून घरात बसलेल्या दिवसांचीच तुलना खरी मानावी. ही नोंद नसेल तर तीन महिन्यांनी ‘थोडा फरक आहे’ यापलीकडे कोणालाच काही सांगता येत नाही.

पद्धत निवडताना

डी. सी. आर.मध्ये बंद नलिका उघडत नाहीत. अश्रुपिशवी आणि नाक यांच्यामधील पातळ हाड काढून पिशवीला नाकात थेट वाट करून देतात. १९०४ मध्ये इटलीतील टोटी यांनी बाहेरून छेद घेऊन ही शस्त्रक्रिया मांडली आणि १९२१ मध्ये द्युप्युई-द्युताँ व बूर्गे या फ्रेंच शल्यविशारदांनी पिशवीचे आणि नाकाचे अस्तर एकमेकांना शिवण्याची रीत आणली; आजही बाहेरून केली जाणारी शस्त्रक्रिया मुख्यतः याच तत्त्वावर चालते. तिचा छेद नाकाच्या बाजूला एक-दीड सेंटिमीटरचा असतो आणि व्रण बहुतेकांत काही महिन्यांत पुसट होतो. नाकातून केलेल्या शस्त्रक्रियेत चेहऱ्यावर व्रण नसतो, आणि नाकाचे वाकडे हाड किंवा आतील गाठी त्याच वेळी पाहता येतात. तरुण मुलीच्या बाबतीत व्रणाचा विचार रास्त आहे. सत्तरीच्या आजींच्या बाबतीत मात्र जवळचा डॉक्टर कोणत्या पद्धतीत मुरलेला आहे, हाच प्रश्न मोठा.

वयस्कर रुग्णांना कधी कधी डी. सी. टी., म्हणजे अश्रुपिशवी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुचवतात. तिने पू थांबतो, पण पाणी गळणे थांबत नाही; ते थांबावे असा तिचा हेतूच नसतो. हे आधी नीट न समजल्याने नंतर ‘ऑपरेशन फसले’ अशी तक्रार होते. मोतीबिंदूच्या आधी नळी तपासतात त्याचेही कारण हाच पू आहे. पिशवीत जंतुसंसर्ग असताना मोतीबिंदू काढला तर जंतू डोळ्याच्या आत जाऊन दृष्टी कायमची जाण्याचा धोका असतो. म्हणून शिबिरातून ‘आधी नळीचे ऑपरेशन करून या’ असे सांगून परत पाठवले, तर तो टाळाटाळीचा प्रकार समजू नये. नळीची शस्त्रक्रिया झाल्यावरही मोतीबिंदूसाठी काही आठवडे थांबावे लागते.

कोपरा अचानक लाल होऊन सुजला, ठणकू लागला आणि ताप आला, तर तो तीव्र संसर्ग होय. अशा वेळी तिथे दाबू नये, शेकून फोडण्याचा प्रयत्न करू नये आणि सिरिंजिंगही करून घेऊ नये. आधी प्रतिजैविकांनी तो शमवावा लागतो, गळू झाले असल्यास डॉक्टर त्यातील पू काढतात. अश्रूंत रक्त दिसत असेल किंवा गाठ टणक असून पापण्यांना नाकाच्या हाडाशी जोडणाऱ्या कोपऱ्यातील आडव्या पट्ट्याच्या वर सरकलेली असेल, तर नेहमीच्या डी. सी. आर.आधी स्कॅन करून घ्यावा, कारण पिशवीत क्वचित कर्करोगाची गाठही असते.

तारीख धरताना शेतीचा आणि सणांचा हिशेब आधीच करावा. टाके साधारण आठवड्याने काढतात, वाट उघडी राहावी म्हणून आत सिलिकॉनची नळी ठेवली असेल तर ती सुमारे दीड ते तीन महिन्यांनी काढतात आणि अंतिम तपासणी त्यापुढे असते. कापूस वेचणीच्या ऐन हंगामात किंवा अखजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाण्याच्या बेतात यातल्या तारखा सापडल्या की त्या हमखास चुकतात. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत; सरकारी योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे भरती होण्यापूर्वी करावी. नंदुरबार, नवापूरकडील लोक सुरतेला जाऊन शस्त्रक्रिया करून घेतात तेव्हा, रात्री नाकातून रक्त आले तर गावाजवळ कोणता कान-नाक-घसा तज्ज्ञ पाहील, हे आधी ठरवून ठेवावे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती परस्पर बंद करू नयेत; हृदयाच्या डॉक्टरांचा आणि शल्यविशारदाचा असा दोघांचा सल्ला घ्यावा. रक्तदाब मात्र आटोक्यात आणलेलाच हवा, कारण वाढलेल्या दाबामुळे या शस्त्रक्रियेत रक्तस्रावाचा त्रास वाढतो.

पहिले दोन आठवडे

पहिल्या एक-दोन दिवसांत नाकातून रक्तमिश्रित पाणी थेंब-थेंब येणे अपेक्षित आहे. उशा वाढवून डोके उंच ठेवावे, कपाळावर व नाकाच्या मुळाशी थंड पट्टी धरावी. पहिले एक-दोन दिवस कढत चहा, गरम वाफाळते अन्न टाळावे. आपल्याकडील काळ्या मसाल्याची शेवभाजी आठवडाभर लांबच बरी, कारण तिखटाने नाक वाहते आणि नाक वाहिले की माणूस सवयीने ते शिंकरतो. नाक शिंकरणे हीच या काळातली सर्वांत घातक गोष्ट आहे. त्या जोराने नवी शिवण उसवू शकते, रक्त सुटू शकते आणि हवा पापणीखाली शिरून डोळा फुगू शकतो. दोन आठवडे नाक फक्त टिपावे आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी. पाण्याचा हंडा, चाऱ्याचा भारा, धान्याचे पोते यांतले काहीही उचलू नये. रक्त ताजे, लाल आणि धारेने येऊ लागले व पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे दाबूनही थांबले नाही, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. असे रक्त चौथ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारासही येऊ शकते, म्हणून दोन दिवस बरे गेले याचा अर्थ धोका टळला असा घेऊ नये.

सिलिकॉनची नळी ठेवलेली असेल तर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, दोन छिद्रांच्या मध्ये, मासेमारीच्या दोऱ्यासारखा पारदर्शक फास दिसतो. तो डोळा चोळल्याने कधी कधी बाहेर लोंबतो. तो ओढू नये आणि कात्रीने मुळीच कापू नये. कागदी पट्टीने नाकाच्या बाजूला चिकटवून डॉक्टरांकडे जावे, ते नाकाकडून तो पुन्हा जागी बसवतात. ही नळी आत असेपर्यंत थोडे पाणी येतच राहते, कारण अश्रूंच्या वाटेतली काही जागा तिनेच घेतलेली असते. त्या काळातल्या पाण्यावरून शस्त्रक्रियेचा निकाल ठरवू नये.

निकाल पाहण्याची वेळ

टाके निघाल्यावर कोपऱ्यातला पू थांबला, ही पहिली चांगली खूण. पाण्याचा खरा निकाल नळी निघाल्यानंतर आणि शस्त्रक्रियेला किमान तीन महिने झाल्यावर पाहावा. सहा महिन्यांनी तोच टिकून असेल तर तो बहुधा पुढेही टिकतो, कारण वाट बुजायची असली तर बहुतेक वेळा सुरुवातीच्या महिन्यांतच बुजते. या वेळी पुन्हा आठवडाभर डोळा पुसण्याची नोंद करावी आणि आधीच्या चौकटींशी ताडून पाहावी. ४ किंवा ५ वरून ० किंवा १ वर येणे म्हणजे उत्तम निकाल. ५ वरून ३ वर आले असेल तर ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून सोडून न देता कारण शोधण्यास सांगावे.

दवाखान्यात दोन तपासण्या मागता येतात. सिरिंजिंगची ओळख आपल्याला झालेली आहे. दुसरी तपासणी रंगाची. डोळ्यात फ्लुरेसिनचा पिवळा थेंब टाकतात आणि काही मिनिटांनी नाकात दुर्बीण घालून किंवा कापसाची काडी फिरवून तो रंग उतरला का ते पाहतात. सिरिंजिंगमध्ये पाणी दाबाने ढकललेले असते, इथे मात्र अश्रू आपोआप उतरतात की नाही हे कळते, म्हणून माझ्या मते निकालाचा अधिक प्रामाणिक पुरावा हाच. रंग नाकात उतरला तर वाट केवळ मोकळी नसून कामही करते आहे. दुर्बिणीतून नवीन छिद्र अगदी लहान दिसले तरी घाबरू नये. हाडातील दहा-पंधरा मिलिमीटरची खिडकी बरी होताना आक्रसतेच आणि उरलेले काही मिलिमीटर अश्रूंना पुरतात. दोन-तीन महिन्यांनंतर नाक शिंकरताना डोळ्याच्या कोपऱ्यात हवेचा झोत जाणवल्यास तीही वाट उघडी असल्याचीच खूण आहे.

तान्ह्या मुलांचे वेगळे

जन्मतः नलिकेच्या खालच्या टोकाशी पडदा राहिल्याने बाळाचा डोळा चिकटत असेल, तर बहुतांश मुलांत तो पडदा पहिल्या वर्षात आपोआप उघडतो आणि डी. सी. आर.ची गरज पडत नाही. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर करंगळी ठेवून, पिशवी दाबत, नाकाच्या कडेने खाली सरकवावी. असे पाच-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा करावे. नखे कापलेली असावीत, आणि काजळ त्या डोळ्यात घालू नये, आजीचा कितीही आग्रह असला तरी. वर्षाच्या सुमारास पाणी चालूच असेल तर भूल देऊन सळईने नळी मोकळी करतात व बहुतेक मुले एका खेपेतच बरी होतात. उशीर जितका वाढतो तितका हा निकाल सहसा उतरतो. बाळ उजेडाकडे पाहत नसेल, बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसत असेल, तर मात्र नळीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, कारण ते जन्मजात काचबिंदूचे लक्षण असू शकते. कोपऱ्यात निळसर फुगवटा असलेले नवजात बाळ दूध पिताना धापा टाकत असेल, तरी तितकीच घाई करावी.

पाणी पुन्हा येऊ लागले तर

पुन्हा पाण्यासोबत पू किंवा चिकट स्राव आला आणि कोपरा दाबल्यावर तो छिद्रातून बाहेर पडला, तर वाट बुजली असण्याची शक्यता अधिक. नुसते स्वच्छ पाणी असेल तर पापणी, कोरडेपणा आणि ॲलर्जी यांची तपासणी आधी करून घ्यावी. वाट बुजण्यामागे नवीन छिद्राभोवती वाढलेला व्रणाचा ऊतक, नाकाच्या मधल्या पडद्याला अस्तर चिकटणे, हाडाची खिडकी लहान राहणे किंवा आतल्या सामाईक नळीचे तोंड बंद होणे, यांपैकी काही तरी असते. एक चमत्कारिक प्रकार असा की सिरिंजिंग मोकळे लागते आणि स्राव तरी थांबत नाही. खिडकी उंचावर पडल्याने पिशवीचा तळ तसाच खोलगट राहतो. टाकीची तोटी तळापासून वर बसवली की खालचे पाणी टाकीतच राहते, तसे तिथे स्राव साचतो. हे दुर्बिणीशिवाय ओळखू येत नाही, म्हणून ‘नळी तर चालू आहे’ हे उत्तर ऐकून परत येऊ नये.

दुसऱ्यांदा केलेली शस्त्रक्रिया बऱ्याच जणांत यशस्वी होते, तरी तिचे प्रमाण पहिलीपेक्षा थोडे कमी धरावे. ती बहुधा नाकातून दुर्बिणीने करतात, व्रण वाढू नये म्हणून मायटोमायसिन हे औषध काही मिनिटे तिथे लावतात आणि सिलिकॉनची नळी ठेवतात. दोन्ही बारीक नळ्या पूर्ण नष्ट झाल्या असतील, उदाहरणार्थ जुन्या खुपऱ्यांच्या व्रणाने किंवा डोसेटॅक्सेलसारख्या कर्करोगाच्या औषधाने, तर डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकापर्यंत काचेची जोन्स नळी कायमची बसवावी लागते. तिची देखभाल आयुष्यभर करावी लागते, ती सरकते, तुंबते, आणि तरीही काहींना तीच सोयीची ठरते. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना पहिल्या सिरिंजिंगचा कागद, शस्त्रक्रियेची टिपणे, नळी काढल्याची तारीख आणि दिनदर्शिकेतील नोंदींची दोन्ही पाने सोबत न्यावीत.